बरड माळ हरणांना देताना

समजा, जिंतूर तालुक्यात कुणाची वीस एकर बरड जमीन आहे. उताराची, मुरमाड. दोनदा विहीर खोदली, दोन्ही वेळा कोरडा खडक लागला. मुले पुण्यात नोकरीला आहेत, ती परत येऊन शेती करतील अशी आशा नाही. पाऊस बरा झाला की माळावर कुसळी गवत गुडघ्याएवढे वाढते आणि पहाटे काळविटांचा कळप उतरतो. मालकाच्या मनात येते, ही जमीन विकण्यापेक्षा या जनावरांनाच देऊन टाकावी. विचार मोलाचा आहे. पण देऊन टाकायची म्हणजे कुणाच्या नावे, कोणत्या कागदावर, आणि दिल्यावर ती राखायची कुणी, या प्रश्नांपाशी तो बहुतेक वेळा विरून जातो.

परभणी जिल्ह्याला या विचाराची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. काळी कसदार जमीन आणि गोदावरी, पूर्णा, दुधना यांचे पाणी, त्यामुळे जे नांगरता आले ते सगळे नांगरले गेले. जंगल उरले ते एकूण क्षेत्राच्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास, तेही मुख्यतः उत्तरेला जिंतूरच्या डोंगरांत आणि दक्षिणेला गंगाखेडकडच्या बालाघाटच्या उतारांवर. जिल्ह्यात अधिसूचित अभयारण्य एकही नाही. शेजारच्या बीडमध्ये नायगावचे मयूर अभयारण्य आहे, गोदावरीच्या वरच्या अंगाला जायकवाडीचे पक्षी अभयारण्य आहे. परभणीतले काळवीट, लांडगे, कोल्हे, खोकड मात्र खासगी शेतांत, गायरानांत आणि पडीक माळांवर दिवस काढतात. सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्या माणसांनी ठरवले, तरच ही जनावरे इथे राहतील.

आधी ‘अभयारण्य’ या शब्दाचा उलगडा केला पाहिजे. आपण आपल्या माळाला अभयारण्य म्हणू शकतो, तशी पाटीही लावू शकतो. कायद्याने ते अभयारण्य होत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्य जाहीर करण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे. अधिसूचना निघते, जिल्हाधिकारी त्या हद्दीतल्या लोकांचे हक्क आणि दावे तपासतात, मग हद्द पक्की होते. वीस एकरांसाठी ही यंत्रणा हलत नाही. आणि वरून आखलेल्या हद्दीने काय होते ते सोलापूरजवळ नान्नजला दिसले आहे. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर धरले होते. गावे, बाजारपेठा, उसाचे फड, सगळे आत. जमिनीचे व्यवहार अडकले, लोक चिडले आणि तो राग ज्या पक्ष्यासाठी हे केले त्याच्यावर निघू लागला. पुढे हद्द आकसून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावी लागली. आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. एखाद्याने आपण होऊन दिलेल्या पाच-पन्नास एकरांना मी इतके महत्त्व देतो ते हे सगळे पाहून.

पण दिलेली जमीन टिकत नाही, ही आपल्याकडची फार जुनी चिंता आहे. शिलाहार-यादवांच्या काळातले दानलेख पाहा. दान ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर, असे लिहून त्या काळच्या दात्याचे समाधान होत नसे. दगडावर वर चंद्र-सूर्य आणि खाली दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरत, तोच गधेगाळ. पुढचा राजा, पुढचा गावकारभारी किंवा स्वतःचा नातूच या जमिनीवर हात टाकणार, याची त्या दात्याला पक्की कल्पना होती. अलीकडचा अनुभव भूदानाचा. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी विनोबांना १०० एकर जमीन दिली. ते गाव तेव्हाच्या हैदराबाद राज्यातले, म्हणजे परभणीही त्या वेळी त्याच राज्यात होती. पुढे देशभर ४० लाख एकरांहून अधिक जमीन दान म्हणून मिळाली. तिचा मोठा भाग कधीच वाटला गेला नाही, कारण काही जमीन निव्वळ खडक होती, काही वादात अडकलेली होती, काहींचे वारस फिरले, तर कुठे दान दिलेला तुकडा नकाशात नेमका कोणता हेच ठरेना. विनोबांच्या थोरवीला यामुळे बाधा येत नाही. मोजणी, फेरफार आणि ताबा यांचे काम सभेतल्या घोषणेनंतर सुरू होते आणि वर्षानुवर्षे चालते, एवढे मात्र त्यातून शिकण्यासारखे आहे.

म्हणून कागदांपासूनच सुरुवात करावी. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून चारही कोपऱ्यांना दगड रोवून घ्यावेत. बांध कोरण्यावरून भांडण नाही असे शिवार मराठवाड्यात विरळाच, आणि मालकाचे रोजचे जाणे-येणे थांबले की शेजारचा नांगर दरवर्षी एकेक तास आत सरकतो. जमीन वडिलोपार्जित असेल तर ती एकट्याची नसते. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही मुलांइतकाच हिस्सा आहे, त्यामुळे बहिणींची आणि मुलींची लेखी संमती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिले असेल तर हस्तांतरणाला सरकारी परवानगी लागते. आणि मराठवाड्यात शेतजमिनीच्या व्यवहारांना १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे, त्यामुळे शेतकरी नसलेल्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या नावे जमीन करताना जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढावीच लागते.

दान ज्या कागदाने होते त्याला बक्षीसपत्र म्हणतात. ते नोंदणीकृत हवे, त्यावर दोन साक्षीदार हवेत आणि घेणाऱ्याने ते दात्याच्या हयातीत स्वीकारलेले हवे. इथे एक खाच आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. पुतण्याच्या किंवा मित्राच्या नावे बक्षीसपत्र करून त्यात ‘ही जमीन कधीही विकू नये’ असे लिहिले, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १० व्या कलमाप्रमाणे ती अट रद्दबातल ठरते. पुतण्या दुसऱ्या दिवशी जमीन विकू शकतो. त्याच कायद्याच्या १२६ व्या कलमाखाली, दात्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली ठरावीक घटना घडली तर दान परत फिरेल, असे दोघांच्या संमतीने आधीच लिहून ठेवता येते. हे कलम चांगल्या वकिलाकडून नीट समजून घ्यावे. त्याहून पक्का मार्ग नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाचा आहे. न्यासाची जमीन विकायची, बदलून द्यायची किंवा दान करायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन १० वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची तरी तीच अट. न्यासाच्या उद्देशपत्रिकेत वन्यजीवांचा अधिवास राखणे हे स्पष्ट शब्दांत लिहावे; नुसते ‘पर्यावरण संवर्धन’ लिहिले तर उद्या त्याच शब्दांखाली बाग आणि भोजनगृहही उभे राहू शकते.

जमीन वनविभागाला देऊन ती राखीव वन म्हणून अधिसूचित झाली तर संरक्षण सर्वांत कडक, कारण मग तिचा वापर बदलायला केंद्राची परवानगी लागते. पण तिथे काय लावायचे आणि काय काढायचे, हे ठरवणे दात्याच्या हातून जाते. माझ्या मते माळरानाच्या बाबतीत हा तोटा मोठा आहे. त्याचे कारण सांगण्याआधी थोडे दूर जाऊन येऊ.

इंग्लंडमध्ये १८९५ साली नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. तिला मिळालेली पहिली जमीन दानाची होती. वेल्समधल्या बार्मथ गावावरची, समुद्राकडे पाहणारी जेमतेम साडेचार एकरांची टेकडी फॅनी टॅल्बट या बाईंनी दिली. १९०७ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून या संस्थेला आपल्या जमिनी ‘कधीही हस्तांतरित न होणाऱ्या’ म्हणून जाहीर करण्याचा अधिकार दिला. आपल्या गधेगाळावरची शिवी आणि हा कायदा यांचा हेतू एकच आहे. याच संस्थेने १८९९ मध्ये केंब्रिजजवळच्या विकेन फेन या दलदलीतले दोन एकर १० पौंडांना घेतले. ती तिची पहिली निसर्ग राखीव जागा. चार्ल्स रॉथशिल्ड यांनी तिथे आणखी जमीन दान दिली. पुढे गावकऱ्यांची लव्हाळ्याची कापणी कमी होत गेली तसे त्या उघड्या दलदलीत झुडपे माजली, आणि ज्या कीटकांसाठी व वनस्पतींसाठी जागा राखली होती त्यांनाच जागा उरेना. झुडपे तोडून कापणी पुन्हा सुरू करावी लागली.

आपल्याकडे भरतपूरला हेच घडले. केवलादेव राष्ट्रीय उद्यानात नोव्हेंबर १९८२ मध्ये गुराम्हशींच्या चराईवर बंदी आली. त्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात गावकरी मारले गेले. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसले की म्हशी गेल्यावर पाण्यात गवत बेसुमार वाढले आणि बदकांना मोकळे पाणी कमी पडू लागले. मग गावकऱ्यांना गवत कापून न्यायला मुभा दिली गेली. जमीन कुंपणात घालून सोडून दिली की निसर्ग आपोआप सावरतो, हा समज गवताळ आणि पाणथळ जागांना लागू पडत नाही. शेकडो वर्षे गुरे, विळे आणि वणवे यांच्या सोबतीने त्या घडलेल्या असतात.

आता आपल्या वीस एकरांकडे येऊ. दान मिळाले की पहिला कार्यक्रम ठरतो तो वृक्षारोपणाचा. खड्डे घेतले जातात, पाहुणे येतात, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, निलगिरी जे रोपवाटिकेत असेल ते लागते. काळविटाच्या माळावर याहून मोठे नुकसान नाही. काळवीट नजरेवर आणि पायांवर जगणारा प्राणी आहे. लांब उघड्यावर शत्रू दिसला पाहिजे आणि सरळ पळायला मोकळे रान पाहिजे. दाट झाडीत त्याची दोन्ही शस्त्रे निकामी होतात. सावली वाढली की उन्हाची सवय असलेले गवत मरते. चंडोल, धाविक, माळटिटवी, तितर, लावा ही जमिनीवर अंडी घालणारी पाखरे निघून जातात. तीच गोष्ट सलग समतल चरांची. पाणलोटाच्या कामात ते उपयोगी आहेत, पण जुन्या गवताची वीण उकरून ते तिथे तणाला वाट करून देतात. माळावर आधीपासून असलेली बोर, हिवर, खैर अशी तुरळक झाडे राहू द्यावीत, त्यांच्यावर शिकरा बसतो, फळे कोल्हा खातो. नवी झाडे लावण्याची घाई करू नये. जमीन पडीक दिसते म्हणून तिच्यात काही कमी आहे, ही नजरच आधी बदलायला हवी.

राखायचे असते ते गवत. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी ही आपली माळावरची गवते. सगळीकडे एकाच उंचीचे गवतही कामाचे नाही. काळविटाला चरायला आखूड गवत लागते, पण मादी पाडसाला जन्म देते तेव्हा पहिले काही दिवस ते उंच गवतात दडवून ठेवते आणि पाजण्यापुरती येते. म्हणून माळाचे पट्टे पाडावेत. पावसाळ्यात कुठेही गुरे घालू नयेत. दिवाळीनंतर गवताचे बी गळून पडले की एक पट्टा कापायचा, एक विरळ चराईला सोडायचा आणि निदान तिसरा हिस्सा तसाच उभा ठेवायचा. दरवर्षी पट्टे फिरवायचे. गाजरगवत फुलण्याआधी उपटायचे. वेडी बाभूळ नुसती तोडली तर बुडातून दहा फांद्या फुटतात, ती मुळासकट काढावी लागते आणि पुढची काही वर्षे मागे लागून काढावी लागते. उन्हाळ्याआधी हद्दीवरचे गवत खरवडून जाळरेषा घ्यायची, म्हणजे बांधावर कुणी पेटवलेले धसकट माळ खाणार नाही. आसपासच्या उघड्या विहिरींना कठडे बांधून देणे हे तर माळाच्या बाहेरचे, पण माळाइतकेच महत्त्वाचे काम आहे. रात्री पळणारे हरीण, कोल्हा, कधी बिबट्या अशा विहिरीत पडतो. आणि कुत्री. वस्तीवरच्या मोकाट कुत्र्यांची टोळी पाडसांचा जेवढा नाश करते तेवढा आज शिकारीही करत नसेल. कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण यासाठी ग्रामपंचायतीला सोबत घ्यावेच लागते.

खरी कसोटी शेजाऱ्यापाशी आहे. दात्याने वीस एकर हरणांना दिली, पण हरणांना हद्द कळत नाही; ती सोयाबीनचे कोवळे शेंडे आणि हरभऱ्याचे घाटे खायला शेजारच्या अडीच एकरवाल्याकडे जातात. त्याने दान दिलेले नाही, तरी किंमत तो मोजतो. रानडुक्कर आणि रोही आले की नुकसान आणखी वाढते. रात्र-रात्र जागल करणाऱ्या त्या माणसाला प्राणिप्रेम शिकवायला जाऊ नये. वैतागून कुणी कुंपणात चोरून वीज सोडली तर जनावर मरते, कधी माणूसही मरतो. म्हणून कापलेल्या गवताचा पहिला हक्क या लागून असलेल्या शेतकऱ्यांना द्यावा. त्यांच्या बांधावर सौर झटका यंत्र बसवायला न्यासाने मदत करावी. नुकसानीचा पंचनामा वेळेत व्हावा आणि वनविभागाकडून भरपाई मिळावी, यासाठी अर्ज भरून देणारा एक माणूस ठेवावा. राखणदारही त्याच गावचा असावा, त्याला बारा महिने पगार मिळावा. जमीन देणाऱ्याने जमिनीबरोबर या खर्चासाठी थोडी ठेव बँकेत ठेवली नाही, तर दोन-तीन वर्षांत दगड हलतात, गवत पेटते आणि पाटी गंजते.

आता जरा हिशेब करू. राज्याच्या कमाल जमीनधारणा कायद्याने एका कुटुंबाला कोरडवाहू जमीन जास्तीत जास्त ५४ एकर ठेवता येते. म्हणजे परभणीतला मोठ्यात मोठा खातेदारही त्याहून अधिक देऊ शकत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे, १९८० पासूनचे. त्याचे क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे ५३६ एकर. ५४ एकरांची दहा कुटुंबे शेजारी-शेजारी असती तर दुसरे रेहेकुरी झाले असते! राज्यातल्या काळविटांसाठी महत्त्वाच्या ठरलेल्या जागेचा आकार एवढाच आहे, हे कळल्यावर वीस एकर क्षुल्लक वाटत नाहीत. लांडग्याला फिरायला याच्या कित्येक पट रान लागते, पण हिवाळ्यात पिले घालायला त्याला एखादी शांत घळ पुरते, आणि ती वीस एकरांतही असू शकते. दानाचा तुकडा गायरानाला किंवा वनखंडाला लागून असेल तर त्याचे मोल आणखी वाढते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावाच्या सामाईक जमिनी वाचवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले, त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रानेही गायरानांबाबत शासन निर्णय काढला. ग्रामपंचायत गायरान राखणारी असेल तर दात्याचे वीस एकर आणि गायरानाचे पन्नास एकर मिळून जनावराला एकच रान होते.

अशा जमिनीसाठी कायद्यात एक जागा आहे आणि तिची आठवण कुणी फारशी करून देत नाही. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ३६-ग हे कलम आले. एखादी व्यक्ती किंवा गाव आपण होऊन वन्यजीव राखायला पुढे आले, तर राज्य सरकार ती खासगी किंवा सामाईक जमीन ‘समुदाय राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर करू शकते. मालकी बदलत नाही. आग लावणे, स्फोटके किंवा विषारी रसायने वापरणे यांना अभयारण्यासारखीच बंदी येते. जमिनीचा वापर बदलायचा तर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मान्यता, दोन्ही लागतात. गावाच्या जमिनीवर समितीत पंचायतीचे किमान पाच प्रतिनिधी आणि वनविभागाचा एक असतो. २०२२ च्या दुरुस्तीने खासगी जमिनीसाठी स्वतः जमीनमालक, वनविभागाचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा प्रतिनिधी अशी समिती ठरली. पंजाबात गुरदासपूरजवळच्या केशोपूर छंब या पाणथळीवर गावपंचायतींच्या जमिनीला २००७ मध्ये असा दर्जा मिळाला. पुढे ती जागा रामसर यादीत गेली.

मराठी शेतकऱ्याला याची भीती वाटते, आणि ती निराधार नाही. ३० ऑगस्ट १९७५ पासून महाराष्ट्रात खासगी वने कायद्याने सरकारजमा झाली. ज्यांनी झाडे राखली त्यांची जमीन गेली आणि ज्यांनी तोडून टाकली त्यांची राहिली, असा त्याचा अर्थ गावोगावी लावला गेला. ‘वनविभागाचा कागद आला की जमीन गेली’ हे वाक्य त्यातून जन्मले. म्हणून समुदाय राखीव क्षेत्रासाठी अर्ज करण्यापूर्वी अधिसूचनेचा मसुदा ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा, मालकी कुणाकडे राहणार ते इतिवृत्तात लिहून घ्यावे आणि शेजाऱ्यांच्या शंका संपेपर्यंत थांबावे. घाईने मिळवलेल्या दर्जाचे काय होते ते नान्नजने दाखवले आहे.

परभणीत ज्यांची बरड जमीन पडून आहे आणि ज्यांच्या मनात हा विचार येऊन गेला आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. बक्षीसपत्राचा मसुदा करण्याआधी एक पावसाळा आणि एक हिवाळा त्या माळावर काढा. पहाटे जा, वहीत लिहा: कोणते गवत कुठे आहे, हरणे कोणत्या बाजूने येतात, टिटवीने अंडी कुठे घातली, कुणाची गुरे कुठे चरतात, कुणाच्या हरभऱ्याचे किती नुकसान झाले. शेजारच्या दोन्ही शेतकऱ्यांना आणि घरातल्या लेकींना सोबत बसवून ती वही वाचा. मग मोजणीचा अर्ज करा.